रात्री दहाची गोळी

प्रश्न : वय ५४, राहणार सत्तरी, गोवा. कुळागर आणि थोडी काजूची बाग आहे. २०११पासून गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेज) एचआयव्हीवरचं, म्हणजे एआरटीचं औषध नेतो. गेली काही वर्षं रात्री दहाला एकच गोळी, टीएलडी. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) नेहमी ‘नॉट डिटेक्टेड’ यायचा, यंदा मे महिन्यात तो २,३०० आला. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ४१० आहे. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.१ होतं ते १.४ झालं. गेल्या वर्षी मधुमेह निघाला, त्यासाठी मेटफॉर्मिन ५०० दिवसातून तीनदा घेतो. जुलाब होतात. वजन ६२ होतं, आता ५८ आहे. तीन आठवडे थोडा खोकलाही आहे. अ‍ॅसिडिटीसाठी झोपताना अँटासिडचं पातळ औषध आणि वैद्यांनी दिलेलं शंखभस्म चालू आहे, गुडघ्यांसाठी फार्मसीतून डायक्लोफेनॅक आणतो. काजूच्या हंगामात भट्टीवर बसणं होतं, हुर्राक (काजूची दारू) होतो, काही गोळ्या चुकल्या हे खरं. घरात फक्त बायकोला माहीत आहे, तिची टेस्ट निगेटिव्ह आहे. सुनेला कळू नये म्हणून गोळ्या बाटलीतून काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. औषध फेल झालं का? दुसऱ्या लाइनच्या गोळ्या लागणार का? किडनी गेली का? सरकारी कागदावर नाव आहे त्याचीही धास्ती वाटते. आणि चार महिन्यांच्या नातवाला जवळ घेऊ का?

उत्तर : नमस्कार. औषध फेल झालं असं आज कुणीच म्हणू शकणार नाही. तुमचं पत्र वाचून उलटंच वाटतं: गोळी चांगली आहे, पण ती पुरती रक्तात पोचतच नाहीये. कारणं तुम्हीच लिहिली आहेत. मात्र त्याआधी एक काम याच आठवड्यात उरकायचं आहे.

तीन आठवड्यांचा खोकला आणि चार किलो वजन कमी. एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला, ताप, वजन घटणं किंवा रात्री घाम येणं, यांतलं एकही लक्षण असलं की टीबीची तपासणी करायची असते. दोन आठवडे थांबून बघू, हा नियम इतरांसाठी. तुमच्याकडे दोन लक्षणं आहेत. वजन मधुमेहानेही घटतं आणि जुलाबांनीही, त्यामुळे मनाची समजूत घालणं सोपं असतं, पण ती घालू नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी आणि छातीचा एक्स-रे होईल, पैसे पडत नाहीत. पूर्वी टीबी टाळण्याचा आयसोनियाझिडचा कोर्स झाला असला तरी तपासणी हवीच. टीबी निघालाच, तर त्याच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि ते तुमच्या गोळीतलं डोलुटेग्राविर शरीरातून भराभर बाहेर काढतं. म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी देतात आणि टीबीचं औषध संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. टीबीची औषधं हातात पडली आणि ही जादा गोळी कुणी लिहून दिली नसेल, तर स्वतःहून विचारा.

आता मूळ मुद्दा. टीएलडी म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम. यातलं डोलुटेग्राविर हा बुलंद गडी आहे, विषाणूला त्याच्याविरुद्ध प्रतिकार उभा करणं जड जातं. पण त्याची एक खोड आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, लोह, झिंक यांतलं काही पोटात भेटलं की ते त्याला चिकटतं आणि दोघं मिळून शौचावाटे निघून जातात. अँटासिडच्या पातळ औषधात बहुधा मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही असतात. ते गोळीसोबतच घेतलं तर रक्तात पोचणारं डोलुटेग्राविर सुमारे ७४ टक्क्यांनी घटतं. म्हणजे रुपयातले चार आणे हातात. तुमचं शंखभस्म म्हणजे कॅल्शियमच. ‘आयुर्वेदिक आहे, त्याचा काय संबंध’ असं वाटतं, पण भाजलेला शंख पोटात गेला की तो कॅल्शियमसारखाच वागणार. लोहभस्म आणि मंडूरभस्म यांत लोह असतं, त्यांनाही हेच लागू. तुम्ही झोपताना अँटासिड, भस्म आणि टीएलडी एकामागोमाग घेत असाल, तर रोज रात्री दहाला शिस्तीने घेतलेली गोळीसुद्धा पाव-अर्धीच लागू पडत होती.

नियम असा: टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी घ्यायची, किंवा अँटासिडनंतर सहा तासांनी. कॅल्शियम किंवा लोहाची साधी गोळी असेल तर एक सवलत आहे. ती आणि टीएलडी दोन्ही भरल्या पोटी, जेवणासोबतच घेतल्या तर चालतात. उपाशीपोटी एकत्र नको. अँटासिडला मात्र ही सवलत नाही. अ‍ॅसिडिटी रोजचीच असेल तर डॉक्टरांकडून पँटोप्राझोल किंवा फॅमोटिडिन लिहून घ्या, डोलुटेग्राविरशी त्यांचं वाकडं नाही. पण पुढेमागे औषध बदलून अटाझानाविर आलं, तर हीच पँटोप्राझोल त्याला रक्तात पुरतं पोचू देत नाही. तेव्हा तो हिशेब नव्याने करायचा.

दुसरं कारण हुर्राक. हुर्राक प्यायल्यावर टीएलडी घेतली तर काही बिघडतं का, असा प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि ‘आज पोटात दारू आहे, गोळी नको’ म्हणून ते गोळी सोडतात. हा पक्का गैरसमज आहे. त्या रात्री गोळी सोडणं हे हुर्राकपेक्षा जास्त नडतं. तुमच्या बाबतीत तर दहा वाजेपर्यंत डोळा लागत असणार, गोळी आठवणार कुठून? महिन्याच्या तीस गोळ्यांत दोन चुकल्या की हिशेब ९३ टक्क्यांवर येतो, अपेक्षा किमान ९५ची असते. ‘काही चुकल्या’ म्हणजे किती, ते उरलेल्या गोळ्या मोजून लिहून काढा. समुपदेशक रागावतील म्हणून आकडा कमी सांगू नका. त्यांना खोटा आकडा मिळाला तर त्यांना गोळ्या नीट घेतल्या जात आहेत असं वाटेल आणि तुम्हाला गरज नसताना दुसऱ्या लाइनवर टाकलं जाईल. (दारूने मधुमेह, लिव्हर आणि मेटफॉर्मिन या तिघांचं गणित बिघडतं, ते वेगळंच. हंगामातही हात आखडता हवा.)

या दोन्ही दुखण्यांवर एकच उपाय पुरतो: गोळी सकाळी घ्या. डोलुटेग्राविर जेवणासोबत किंवा रिकाम्या पोटी, कसंही चालतं. सकाळी सातला पेजेच्या वेळी गोळी, नऊनंतर हवं तर अँटासिड. रात्री झोपताना दहाला अँटासिड घेतलं तरी सकाळपर्यंत नऊ तास होतात. काहींना या औषधाने झोप लागत नाही, त्यांनाही सकाळची वेळ मानवते. रात्रीवरून सकाळवर येताना मध्ये मोठी खिंड पडू देऊ नका, वेळ मागे मागे आणा. समजा सोमवारी रात्री दहाला घेतली, तर मंगळवारी दुपारी चारला, बुधवारी सकाळी अकराला, गुरुवारी सातला. हे तीन दिवस अँटासिड आणि भस्म पूर्ण बंद. भस्माचं म्हणाल तर ते तसंही बंद करावं, क्रिएटिनिन वाढलेलं असताना काय काय भाजून त्यात घातलंय याची खात्री कोण देणार?

एखाद्या सकाळी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडून पुढची वेळेवर घ्या. दोन गोळ्या एकदम कधीच नाही.

एआरटी केंद्रात पुढे काय होईल ते सांगतो. व्हायरल लोड १,०००च्या वर आला की लगेच औषध बदलत नाहीत. गोळ्या का आणि कशा चुकतात यावर समुपदेशनाची सत्रं होतात, तीन महिने नीट गोळ्या घेतल्यावर लोड पुन्हा काढतात. तो पुन्हा १,०००च्या वर राहिला तरच दुसऱ्या लाइनचा विचार सुरू होतो. म्हणून हे तीन महिने फार मोलाचे आहेत. अँटासिडची वेळ न बदलता ते घालवलेत तर चांगल्या गोळीवर नापासाचा शिक्का बसेल आणि बदल्यात जास्त गोळ्या, जास्त भानगडी पदरी येतील. पहिल्या दिवशीच सांगा: ‘मी अँटासिड आणि भस्म सोबत घेत होतो.’

किडनीचा प्रश्न जरा सविस्तर पाहू, कारण तुमच्या १.४ या आकड्यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली निरुपद्रवी आहे. डोलुटेग्राविर क्रिएटिनिनला लघवीत जाण्याची एक वाट अडवतं, त्यामुळे रक्तातला आकडा साधारण ०.१ ते ०.२ने वाढतो, किडनी मात्र ठणठणीत असते. हे सुरुवातीच्या महिनाभरात होतं आणि तिथेच थांबतं. तुमचं १.१ कदाचित यातलंच. दुसरी गोष्ट टेनोफोविर. ते काही जणांच्या किडनीतल्या बारीक नळ्यांना खरोखर इजा करतं. तिसरी डायक्लोफेनॅक. ते किडनीकडे जाणारं रक्त आवळतं आणि टेनोफोविरसोबत घेतलं तर दुखापत वाढण्याची भीती. त्यात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी कमी. एवढं सगळं एकत्र आलं तर १.१चं १.४ व्हायला वेळ लागत नाही.

किडनी मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त गाळते, त्याचा हिशेब करून पाहा. १४०मधून वय वजा, त्याला वजनाने गुणायचं, मग क्रिएटिनिन गुणिले ७२ने भागायचं. (बाईमाणसासाठी उत्तराला ०.८५ने गुणतात.) तुमचं: ८६ गुणिले ५८ म्हणजे ४,९८८, भागिले १००.८, उत्तर सुमारे ४९.५. पन्नासच्या खाली टेनोफोविर चालू ठेवायचं की नाही यावर डॉक्टर विचार करतात, म्हणजे तुम्ही ऐन उंबरठ्यावर आहात. तेच क्रिएटिनिन १.२ असतं तर उत्तर ५७.७ आलं असतं. ०.२चा एवढा फरक, आणि त्यातला काही भाग डोलुटेग्राविरचा नुसता भास. म्हणून डायक्लोफेनॅक आजच बंद करा, पाणी पुरेसं प्या आणि दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा काढा. सोबत लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं फॉस्फेट बघायला सांगा. नळ्यांना इजा असेल तर लघवीतून साखर जाते, पण तुम्हाला मधुमेह असल्याने ती खूण तुमच्यात फसवी ठरते, फॉस्फेट जास्त खरं बोलतं. अँटासिड सुटल्यावर डोलुटेग्राविर पुरतं लागू होईल, तेव्हा आकड्यात थोडी चढ दिसली तर घाबरू नका. पण ती किती ते डॉक्टरांनीच पाहू दे.

टेनोफोविर बदलण्याची गोष्ट निघाली तर एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘माझी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का?’ टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन दोन्ही त्या विषाणूलाही दाबून धरतात. अंगात तो असताना टेनोफोविर अचानक काढलं तर लिव्हर भडकते. याच कारणाने स्वतःच्या मनाने टीएलडी बंद करणंही धोक्याचं.

गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० चालेल. दिवसाला ३ ग्रॅमच्या वर नको, दारू होत असेल तर २च्या आत. वरून चोळायचं जेल लावायला हरकत नाही, ते रक्तात फार कमी उतरतं. फार्मसीत गेल्यावर एचआयव्हीचा उच्चार करायची गरज नाही. ‘माझं क्रिएटिनिन वाढलंय, किडनीला न लागणारं द्या’ एवढं म्हटलं तरी काम होतं.

आता जुलाब. हे एचआयव्हीच्या गोळीच्या माथी मारावंसं वाटेल, पण आमचा संशय मेटफॉर्मिनवर आहे. डोलुटेग्राविरमुळे रक्तातलं मेटफॉर्मिन जवळजवळ पावणेदोनपट होतं. दिवसाचे १,५०० घेतले तरी अंगाला ते २,७००च्या आसपास भासतात. म्हणून टीएलडीवर असलेल्या माणसाला मेटफॉर्मिन दिवसाला १,०००च्या वर देत नाहीत, आणि किडनीचा आकडा घसरलेला असेल तर त्याहूनही कमी. गंमत अशी की आजवर अँटासिड डोलुटेग्राविरला अडवत होतं, म्हणून हा परिणामही अर्धवटच होता. उद्या तुम्ही गोळी नीट घ्यायला लागलात की मेटफॉर्मिनचा जोर वाढेल. तेव्हा दोन्ही बदल एकाच आठवड्यात व्हायला हवेत. मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटून मेटफॉर्मिन कमी करा, गरज असेल तर दुसरी गोळी जोडून घ्या. त्यांना टीएलडीतल्या तिन्ही औषधांची नावं सांगावीच लागतील, नाहीतर ते बिचारे अंधारात औषध लिहिणार. साखरेसाठी नुसत्या एचबीएवनसीवर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीवर) राहू नका. एचआयव्ही असलेल्यांमध्ये ती चाचणी कधीकधी खऱ्यापेक्षा कमी दाखवते. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सोबत बघा. मधुमेह आणि ५४ वय म्हटल्यावर स्टॅटिनचाही (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचा) विषय काढा. एचआयव्ही असलेल्या चाळिशीपुढच्या माणसांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२०२३) पिटाव्हास्टॅटिनने हृदयविकाराच्या घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. टीएलडीसोबत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनही चालतं.

गोळ्यांची पिशवी. सत्तरीतल्या पावसात तांदळाला बुरशी धरते, तिथे उघड्या गोळीचं काय होणार? बाटलीत जी बारीक पुडी असते ती ओल शोषण्यासाठी असते, फेकू नका. मूळ बाटली घट्ट झाकून कपाटात कपड्यांच्या आत ठेवा, फ्रिजमध्ये नको आणि स्कूटरच्या डिकीत तर नकोच. आठवड्याच्या सात गोळ्या वेगळ्या छोट्या, फिरवून लावायच्या झाकणाच्या बाटलीत काढा, तीत एक सुकी पुडी टाका आणि वर कापूस भरा, म्हणजे खुळखुळणार नाही. सकाळी मधुमेहाच्या गोळीसोबत ही गोळी घेतलीत तर सुनेने पाहिली तरी तिला ती ‘साखरेची गोळी’च वाटेल. लपवायला मधुमेहासारखा आडोसा नाही!

तिला सांगायचं की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा. एकाच ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, एका विहिरीच्या पाण्याने काही होत नाही, त्यामुळे न सांगून तुम्ही तिला फसवत नाही.

बायकोचं मात्र वेगळं. व्हायरल लोड २००च्या खाली टिकून असेल तर शारीरिक संबंधांतून एचआयव्ही जात नाही, पण आज तो २,३०० आहे. पुन्हा २००च्या खाली येईपर्यंत निरोध वापरा. तिची टेस्ट आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या. मधल्या काळात निरोध फाटला तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, केंद्रात जा. २८ दिवसांचं औषध असतं.

कागदावरच्या नावाची तुमची धास्ती गोव्यात तरी उगीच म्हणता येणार नाही. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांना रक्तदानात एचआयव्ही निघाला म्हणून पकडून म्हापशात ६४ दिवस डांबलं होतं, तेही तेव्हाच्या आरोग्य कायद्याचं बोट धरून. आज कायदा उलट्या बाजूने उभा आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमची स्थिती कुणाला सांगता येत नाही आणि त्यावरून उपचार नाकारता येत नाहीत. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

गोमेकॉत पुढच्या खेपेला जाताना घरातलं प्रत्येक औषध एका पिशवीत भरून न्या: भस्म, अँटासिड, गुडघ्याच्या गोळ्या, मेटफॉर्मिनची स्ट्रिप आणि उरलेल्या टीएलडी. नावं तोंडी सांगताना निम्मी राहून जातात. लोड स्थिरावला की तीन-तीन महिन्यांचं औषध एकदम मिळू शकतं, तेही विचारून ठेवा, बसचा सबंध दिवस वाचेल.

राहिला नातू. एचआयव्हीमुळे त्याला उचलायला, मुका घ्यायला, मांडीवर झोपवायला काहीच आडकाठी नाही. पण तुमचा खोकला अजून तपासलेला नाही, आणि टीबी खोकल्यातूनच तान्ह्या बाळापर्यंत पोचतो. थुंकीचा अहवाल हाती येईपर्यंत त्याला लांबूनच हाक मारा, खोकताना तोंडावर पंचा धरा आणि त्याच्या खोलीत झोपू नका. अहवाल निगेटिव्ह आला आणि एक्स-रेही डॉक्टरांना साफ वाटला, की त्याच संध्याकाळी घ्या मांडीवर.